छाट

आमच्या घरात बे एके बे नंतर आलं.
आधी पंचवीस.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांची हजारी,
आणि हजारीवर आईचा सगळा महिना.

मांडीवर सूप, हातात कात्री,
पत्र्याचा एवढासा तुकडा, त्याच्या मापाने
तेंदूची पानं कापत आई
तेलुगूत हिशेब करायची, मराठीत भांडायची
आणि कारखान्याच्या खिडकीशी
कुठल्याच भाषेत काही बोलायची नाही.

खिडकीतला माणूस कट्टा दाबून बघायचा.
ही सैल. ही वाकडी. हिचं तोंड नीट मोडलेलं नाही.
बाजूला टाकायचा.
त्याला छाट म्हणतात.
छाट निघालेल्या विडीचे पैसे नाहीत,
आणि विडीही परत नाही.

रुक्मव्वा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
त्या जूनला वह्या, गणवेश, परीक्षेची फी
दोघींची मिळून इतक्या हजारींची झाली
की आई रात्रभर आम्हा दोघींकडे बघत बसली,
कट्टा दाबून बघावा तशी.
कोणी काही ठरवलं नाही.
सकाळी रुक्मव्वाने वहीतली कोरी पानं
शिवणीपासून नीट सोडवून मला दिली
आणि माझी वेणी घालून झाल्यावर
सूप उचललं.

तिच्या बोटांचे ठसे आता यंत्राला लागत नाहीत.
रेशनच्या दुकानात चार चार वेळा अंगठा टेकते,
पदराला पुसते, परत टेकते,
यंत्र म्हणतं, ही ती नव्हे.

आज जूनची पंधरा तारीख. साखर पेठेतली तीच शाळा.
पंखा फिरतोय, वारा येत नाही.
प्रवेशाच्या टेबलामागे मी,
आणि दारात एक बाई, तिच्या मागे मुलगी.
मुलीच्या केसांना तंबाखूचा वास.
हा वास मी शंभर पोरींतून ओळखीन.

नाव भाग्यलक्ष्मी येमूल.
आधीच्या शाळेने दाखला अडवलाय,
साडेचार हजार भरा म्हणे, मग न्या.

"दाखला नसला तरी नाव घालता येतं," मी म्हणते.
हे वाक्य माझ्या तोंडात
चाळीस वर्षं उशिरा आलंय.

बाई पदराची गाठ सोडते.
"एंत?"
"एमी लेदु."
ती बघत राहते. नोटा धरलेला हात तसाच.
"एमी लेदु म्हणजे किती?"

याचं उत्तर डी.एड.ला शिकवलं नव्हतं.
मी मोफत म्हणाले,
तिला फुकट गेलं असं ऐकू आलं असेल.
फुकट तिला ठाऊक आहे:
बोटं दिवसभर चालतात, खिडकीतला हात बाजूला टाकतो,
ते फुकट.

मागल्या दिवाळीत कपाट आवरताना
जुनं रजिस्टर निघालं. कोपरे वाळवीने खाल्लेले,
रुक्मव्वाची ओळ शाबूत.
इयत्ता सातवी. वर्तणूक चांगली. प्रगती चांगली.
शाळा सोडण्याचे कारण: स्वेच्छेने.
कोणाच्या, याला रकाना नव्हता.
गुरुजींचं अक्षर मात्र फार सुंदर.

मी मुलीला विचारते, पंचवीस चोक?
"शंभर."
पंचवीस चाळीस?
हातात पान नाही, तरी तिचा अंगठा
तर्जनीवर एकदा वळतो.
"हजारी."

हजार म्हणतात गं, असं ओठावर आलं होतं.
नाही म्हणाले.
पेन उचललं, नाव लिहिलं,
आडनावातल्या मूला दीर्घ ऊकार दिला.

बाईने नोटा परत गाठीत बांधल्या,
घाई न करता, मला मन बदलायला वेळ देत.
मुलगी वर्गाकडे पळाली.
बाई फाटकाकडे गेली
आणि तिथे थांबून एकदा वळून बघत राहिली,
मी हाक मारते का,
छाट काढायला.