रॅकचं बुश

अक्कलकोट रोड. पिटात नबीलाल.
"ताई, स्टेअरिंग हलवा. थोडंच."
हलवलं. खालून टक.
पुन्हा. टक.
"रॅक ठीक आहे. बुश गेलंय की!
एवढंसं रबर,
अन् तुम्ही गाडी विकायला निघालात."

हात वर करून त्यानं ते दिलं:
एका अंगानं खाल्लेलं, भोक लांबट,
कडक भाकरीच्या कडेसारखं तडकलेलं.

नवं बसेना. साबणाचं पाणी,
मग शिवी, मग हातोडीचा दांडा.
हात पुसायला टॉवेलची चिंधी,
काठ चुकलेला,
आमच्याच गल्लीतल्या कुठल्यातरी मागाची.

बाकावर अप्पा. बत्तीस वर्षं जॉबर.
मागांनी कान नेले.
तरी हा टक त्यांनीच सांगितला होता, जानेवारीत,
चपला काढून, तळवे गाडीच्या पत्र्याला टेकवून:
"डावीकडं कायतरी ढिल्लं झालंय."
मी म्हणाले, रस्ता खराब आहे.
मोठ्यानं. दोनदा.

आता परतताना स्पीडब्रेकर येतो.
स्टेअरिंग गप्प. मी खूश.
शेजारी अप्पांनी परत चपला काढल्यात.
तळवे जरा सरकवतात, थांबतात.
"आणखी एक हाय," म्हणतात.
"मागं. बारीक."