मागाच्या खड्ड्यात बरणी

जन्मभर आम्ही मीटरने मोजत आलो.
माग विकले त्या दिवशी भंगारवाल्याने
पहिल्यांदा आम्हाला किलोने मोजलं.

त्या पैशातून देणी गेली, दवाखाना गेला,
उरल्यातून घरघंटी आली.
साखर पेठेतला आमचा बोळ
रात्री एवढा गप्प झाला
की व्यंकटेश दचकून उठायचा,
"लाइट गेली का?"
लाइट होती.

हरिणी, माझ्या भावाची धाकटी,
नोकरीला हैदराबादला जाताना
एक बरणी ठेवून गेली.
आत राखाडी चिखल, वर बुडबुडे,
वास ताकासारखा,
थोडा शिळ्या खळीसारखाही.
"अत्ता, हिला रोज खायला घाल, नाहीतर मरेल."
मी म्हटलं, बाई गं,
आमच्याकडे पाणीच चार दिवसांनी येतं.

पण घातलं.
नळाच्या पाण्याला औषधाचा वास,
म्हणून कळशी रात्रभर उघडी ठेवायची,
वास उडाला की सकाळी वाटीभर हिला,
मग तुळशीला,
मग आम्हाला.

मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्री.
दोन तासांत बरणी उतू गेली,
ओटाभर, गॅसखाली, डब्यांच्या मागे.
फ्रिजात ठेवली तर आठवडाभर रुसली.
तेव्हा आठवला सासऱ्यांचा खड्डा.
हातमाग कधीच गेला होता,
पण जिथे पाय सोडून ते बसायचे
तो चौकोन कुणी बुजवला नव्हता,
वर फळी, फळीवर गाद्या.
फळी उचलली तर आतून गारवा आला,
जुन्या सुताचा वास आला, एक झुरळही आलं.
ते मारलं.
बरणीला ओला टॉवेल गुंडाळला, आमचाच,
शेवटच्या लॉटमधला, काठ वाकडा गेलेला,
आणि त्यांचे पाय असायचे तिथे
तिला ठेवली.

आता पहाटे पाचला घरघंटी लावते.
थोडं थोडं दळते, मधे थांबते,
पीठ तापू द्यायचं नाही.
खपली गहू चार वाट्या,
मंगळवेढ्याची मालदांडी एक.
आधी नुसत्या ज्वारीचा केला होता पाव.
वीट झाली.
बालामणीने ती दाराला अडसर म्हणून मागितली.
व्यंकटेश म्हणाला,
"ज्वारीत सूत नाही. ताणा गव्हाचा धर,
ज्वारी बाण्याला."

तेव्हापासून मळायचं काम त्याचं.
गोळ्याचं टोक दोन्ही हातांनी ताणतो,
खिडकीच्या उजेडाला धरतो,
डोळे बारीक करतो.
फाटलं तर काही बोलत नाही,
अर्धा तास झाकून ठेवतो.
नाही फाटलं तर म्हणतो, "झालं."
दिवसभरात एवढंच बोलला तरी
मला पुरतं.

बालामणी विड्या वळता वळता विचारते,
"भाकरी थापायची सोडून
हे काय आंबवत बसलीस दीड दिवस?"
मी शेंगाचटणी लावून एक फोड देते.
ती खाते. बरं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही,
दुसरी फोड पदरात बांधते
आणि सुपातल्या पानांकडे वळते.

दीड दिवस लागतो खरा.
पूर्वी तेवढ्यात आमच्याकडून
किती डझन जायचे, ते मी आठवत नाही.
खोटं बोलले. आठवते.

काल पाव भट्टीतून काढला,
टोपलीत पालथा ठेवला
आणि निवता निवता तो तडतडायला लागला,
बारीक, पावसाळी विस्तवासारखा.
मी म्हटलं, ऐकलंस?
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
त्याचा उजवा कान मागांनी कधीच नेला,
डाव्यात जे उरलंय ते
एवढ्या बारीक आवाजाला पुरत नाही.

मी त्याचं बोट धरलं, पापुद्र्यावर टेकवलं.
पोळलं असणार, पण त्याने काढलं नाही.
चालू मागावर सुताचा ताण बघताना
ठेवायचा तसंच ठेवलं, हलकं,
मान एका बाजूला कलवून.

मग म्हणाला,
"तुटतंय कुठेतरी."

म्हटलं, तुटू दे.