पताका

हमरियाच्या मागच्या गल्लीत, शटर अर्धं ओढून
मी किचनची कपाटं जोडतो.
गिटार माझं काम नव्हे.
नासर बिन खलफान ऐकेना.
तापातलं पोर आणावं तशी चादरीत गुंडाळून आणली
आणि म्हणाला, हिंदीत,
जी त्याची नि माझी सारखीच मोडकी:
तिसरी तार छेडली की आत माशी गुणगुणते.

त्याचा बाप झांजिबारहून आला तेव्हा
एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि ही.

मी बोटाच्या पेराने वरून टकटक केलं,
फणस पिकलाय का बघतात तसं.
डावीकडे भरीव. मध्ये भरीव.
घोडीच्या खाली, उजव्या अंगाला, पोकळ.
आतली आडवी पट्टी सुटली होती.
बाहेर बेचाळीस आणि दमट, आत एसीची कोरडी हवा,
दोन्हींत ये-जा करणारं लाकूड
किती वर्षं धरून राहील?
(माणसं राहतात. पण त्यांना सरस नसतो, व्हिसा असतो.)

तोंड वाटीएवढं.
हात आत गेला की उजेड जात नाही,
उजेड गेला की हात.
दोन्ही एकदम मिळायचं नाही हे एकदा पटलं
की काम सोपं: उजेड सोडून द्यायचा.

बाबलकाका गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून
आडवं वासरू वळवायचा
तेव्हा गाईकडे बघायचाच नाही.
समोरच्या पेरूकडे बघायचा,
जणू आत दुसराच कुणी गेलाय
आणि हा नुसता बसलाय, त्याची वाट बघत.
मी एसीच्या हिरव्या आकड्याकडे बघत राहिलो.
चोवीस.

फटीत ब्रश जाईना. सुई अर्ध्यावर अडे.
कागद जाई, पण भिजून त्याचा लोळा होई.
हवं होतं पातळ, ताठ, वाकलं तरी न मोडणारं.
तेव्हा पाकिटातली जुनी पताका आठवली.

इथे ओळखपत्राला पताका म्हणतात.
गावी ती देवळावर फडकते,
इथे खिशात बसते
आणि पोलिसाने मागितली की बाहेर येते.
ही मुदत संपलेली, परत करायची राहून गेलेली,
एकोणीस सालातला मी, मिशीवाला.

कात्रीने बारीक पट्टी काढली.
तिच्यात आला अर्धा कान,
जन्मतारखेचे दोन आकडे,
अरबीतल्या माझ्या नावाची शेपटी.
टोकावर सरस घेतला, काकवीसारखा,
आणि न बघता आत सारला.
वरून अंगठ्याने दाबायचं, सोडायचं,
दाबायचं, सोडायचं,
मग फट आपणच ओढून घेते,
तहानलेली असते ती.
नासर श्वास कोंडून स्टुलावर.
बाहेर कुणीतरी बसभाड्यावरून भांडत होतं, मल्याळीत.

मग बोटाला ओल लागली, पलीकडून.
भरलं.
ओल्या चिंधीने पुसलं, नटबोल्टचा टेकू दिला,
वर-खाली बुचाचे तुकडे,
हळूहळू आवळला,
आणि पट्टी ओढली
तर अर्धीच आली.

आरसा घातला. चिमटा घातला.
सरस कुणासाठी थांबत नाही.
मी काही बोललो नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तार लावली. माशी नव्हती.
नासरने वाजवली नाही,
खांद्याशी उभी धरली, कान टेकला,
आणि पाठीवर थोपटत राहिला
ढेकर येईपर्यंत बाळाला थोपटतात तसा.
चार रियाल दिले. नको नको म्हणताना
पिशवीभर सुकी लिंबं.

आता सीबमध्ये त्याच्या घरी
तिसरी तार वाजते तेव्हा
माझा अर्धा कान तिथे असतो,
मुदत संपलेला.

उरलेली पताका मी टाकली नाही.
स्क्रूंच्या डब्यात आहे, दीड कानाचा मी.
पुढच्या गिटारला लागेल.