चौकोन रिकामा

नोव्हेंबर. खिडकीबाहेर धक्क्यावर
सकाळपासून लोहखनिज भरून घेतंय एक जहाज.
माझ्यासमोर कॉर्लिस निएमी, वय सतरा,
बुटांवरचा बर्फ माझ्या गालिच्यावर वितळू देत.
टेबलावर तिचे दोन आकडे:
परीक्षेत छत्तीसपैकी चौतीस,
तीन वर्षांचा जीपीए दोन पूर्णांक आठ.

टू हार्बर्सच्या या शाळेत
तेवीस वर्षांत चौतीस मी दोनदा पाहिलेत.
दोन पूर्णांक आठ रोजच पाहते.
पण एकाच कागदावर, एकाच नावाखाली,
आणि आपसात असा छत्तीसचा आकडा?

"किती चान्स आहे?" ती विचारते,
उद्या बर्फ पडेल का, विचारावं तसं.

मी तिला उलट विचारते, झालं काय होतं?
प्रवेश समित्यांना कारण लागतं.
आजारपण, मोडलेलं घर, रात्रपाळी.
अर्जात त्यासाठी एक चौकोन असतो,
अडीचशे शब्दांचं दुःख मावेल एवढा.
"दहावीच्या हिवाळ्यात तुझे आजोबा गेले ना?"
माझं पेन तयारच.

"गेले. फेब्रुवारीत.
माझे मार्क ऑक्टोबरमध्येच गेले होते."

मग जरा थांबून:
"गृहपाठ करायचे मी. पुष्कळदा पूर्ण.
द्यायचे नाही.
मे महिन्यात बॅगेच्या तळाशी सापडायचा, काळ्या पडलेल्या केळ्याखाली.
का, ते मला खरंच माहीत नाही.
केमिस्ट्रीच्या तासाला बोटी मोजायचे.
व्हॅन डर वील सर रागावलेसुद्धा नाहीत,
त्याचंच जास्त लागलं.
आजोबांना यात घेऊ नका.
ते तर पाच वाजता कॉफी घेऊन उठवायला यायचे.
मी कूस बदलायचे."

हीटर खडखडतो.
मला आठवतं, मी चारपैकी चार होते.
एक वही उशिरा दिली नाही,
परीक्षेत मात्र एकवीस.
मॅडिसनहून पाकीट आलं ते इतकं पातळ
की उन्हाकडे धरलं तर आतली ओळ वाचता यायची.
मला कुणी कारण विचारलं नव्हतं.
हे मी तिला सांगत नाही.

सांगते ते असं:
टक्क्यांत मला बोलता येत नाही.
वरची तीन कॉलेजं राहू देत, पण पेन्सिलीनं.
डुलुथ शाईनं लिही, मॉरिससुद्धा.
या सहामाहीत घसरू नकोस,
चढ दिसला तर लोक चढाकडे बघतात, कधी कधी.
आणि त्या चौकोनात—

"रिकामा ठेवला तर?"

ती खिडकीकडे बघतेय.
जहाजाच्या नाकाडावर खालपासून वर पांढरे आकडे रंगवलेत,
पाणी कुठवर चढलं ते दाखवणारे.
सकाळी अठरा दिसत होता, आता बावीसही बुडालाय.
"त्यावरून वजन कळतं," ती म्हणते,
"आत काय भरलंय ते नाही."
मग स्वतःच हसते: "हे निबंधात नाही हं लिहिणार.
फारच निबंधासारखं आहे."

संध्याकाळी मी शिफारसपत्र लिहायला बसले.
'ही मुलगी अडीचशे शब्दांत सहज खोटं बोलू शकली असती.'
खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.
शेवटी राहू दिलं,
बाकीचं सगळं खोडून.

पण ते नंतर.
त्या दुपारी ती दारापर्यंत जाऊन परत फिरली,
गुडघ्यावर बॅग टेकवून आत कोपरापर्यंत हात घातला,
आणि नागरिकशास्त्राचे चार चुरगळलेले कागद बाहेर काढले.
"आज शेवटची तारीख आहे," म्हणाली.
"लोगनबिल बाईंची खोली कुठल्या मजल्यावर?"

चौथ्या वर्षाला आहे ही.
मी म्हटलं, दुसऱ्या. पळ.