शनिवार, दहा ते चार

दहाला जुने राजे निघतात,
चारला नवे येतात.
मधले सहा तास किल्ला माझा असतो.
माझा, आणि वॉशिंग मशीनचा.

अठरा चादरी, बत्तीस उशांचे अभ्रे,
न्हाणीघरात विसरलेला कवळीचा डबा,
बुरुजातल्या खोलीत गादीखाली
चॉकलेटची चांदी, नीट घडी घातलेली:
कुणा राजपुत्राचा खजिना.
मी ती लगेच टाकत नाही. खिशात ठेवते.

हा किल्ला कधी लढला नाही.
डंडीच्या एका तागवाल्याने बांधला,
बायकोला डोंगर आवडायचे म्हणून.
बाण सोडायच्या फटींतून
फक्त वारा येतो, तोही बाहेरून आत.
बडं घर, पण वासा पोकळ नाही:
लोखंडी आहे, ग्लासगोच्या कारखान्यातला,
वरून ओकची फळी चढवलेली.
पाहुणे त्यावर तळहात ठेवून म्हणतात,
"केवढा इतिहास मुरलाय यात!"
मी म्हणते, "हो ना. जपून, डोकं लागेल."

माझी पणजी इथे भांडी घासायची.
तिला मागच्या जिन्यानेच यावं लागे.
मीही तिथूनच येते. पायऱ्या कमी आहेत.

ऑक्टोबरात ऑलरनशॉ आले,
लीड्सहून, तीन गाड्या भरून.
केनेथ, एकतीस वर्षं बस चालवलेला,
बायकोच्या सत्तरीसाठी
बिस्किटांच्या डब्यात पैसे साठवलेला,
कमरेला नातवाची प्लॅस्टिकची तलवार.
दारात आडवा उभा राहून तिला म्हणाला,
"बाई, तिकीट?"
डोरीनने पर्सच मारली त्याच्या पोटावर.

तिसऱ्या रात्री फोन.
"एफी, जेवायला आम्ही तेरा झालोय.
सुनेची बहीण आलीच नाही,
आणि डोरीनला तेरा चालत नाहीत.
येतेस का?"

मी एप्रन काढला. परत बांधला. परत काढला.
बावीस वर्षांत त्या टेबलाला
मी पॉलिश केलं, त्याच्याखाली रांगले,
वाइनचे डाग मिठाने उठवले.
बसले कधीच नव्हते.

खुर्ची गार होती, आणि उंच.
पाय जेमतेम टेकले.
सूप आलं, दुसऱ्या कुणी वाढलेलं.
मी दोनदा उठायला गेले;
डोरीनने दोनदा मनगट धरून बसवलं.

मग मान वर केली
आणि तिथून, फक्त तिथूनच, दिसलं:
झुंबराच्या पोटात, पितळी कड्याच्या आत
एक भलंमोठं, जुनं जाळं.
शिडीवरून न दिसणारं,
उभ्याने न दिसणारं.
बसलेल्या प्रत्येकाने पाहिलं असणार
इतकी वर्षं.
मला कुणी बोललं नाही.

केनेथने ग्लास उचलला.
"किल्ल्याच्या मालकिणीला,"
म्हणाला, बायकोकडे बघत.
सगळे प्याले. मीही.

शनिवारी ते गेले,
दहाला दहा कमी असताना,
चादरी स्वतःच काढून, घड्या घालून.
अशा चादरी मला पुन्हा उलगडाव्या लागतात,
ते त्यांना काय माहीत.

मी शिडी आणली,
काठीला फडकं बांधलं, अंदाजाने फिरवलं.
मग त्याच खुर्चीत येऊन बसले,
गेलं का बघायला.

एक कोपरा राहिला होता.
त्यात कोळी, बारीक, रागावलेला.

खाली मशीन थांबल्याची शिट्टी झाली.
वाजू दिली.