पुट्टी

शनिवारी भोंगा व्हायच्या थोडं आधी
चौदा पंप-बॉडी माझ्या टेबलावर आल्या.
अजून कोमट, अंगाला काळी वाळू.
हातोडीनं एकेक ठोकून बघितली.
तेरा खणखणीत बोलल्या.
एक नुसती 'थप्प' म्हणाली.

फ्लँजपाशी भोक, ज्वारीच्या दाण्याएवढं,
त्यातून निघालेली केसासारखी चीर.
मलप्पानं पुट्टी भरली, अंगठ्यानं सारखी केली,
वाळल्यावर कानस मारली, वर ग्रेफाइटचा हात फिरवला
आणि म्हणाला, 'नडितद बिडु, सायबा.'
चालतंय, सोड.
एकोणीस वर्षं उद्यमबागेत काढल्यावर
हे वाक्य कुठल्या भाषेतलं, ते कळेनासं होतं.
टेम्पो दारात घुरघुरत होता.
मी हिरवा ठिपका दिला.

ठिपका म्हणजे माझं नाव.
शांतवन मास्तरांचा मुलगा मी.
ते खानापूरच्या शाळेत रोज फळ्यावर एक वचन लिहायचे
आणि उरलेला खडूचा तुकडा
माझ्या खिशातून काढून पेटीत परत ठेवायचे.

कॅम्पातल्या चर्चमध्ये साडेआठची उपासना मराठी,
साडेदहाची कन्नड.
आम्ही उठतो तेव्हा बाकावर आमची ऊब असते,
तिच्यावर ते येऊन बसतात.
त्या रविवारी प्रभुभोजन होतं.
भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं.
हात उचलेना.
मी ते तसंच रूथक्काकडं सरकवलं.
तिनं माझ्याकडं बघितलं, मग ताटाकडं,
आणि स्वतःचा तुकडा घेऊन डोळे मिटले.
घरी येताना सुवार्ता म्हणाली,
'पोट बिघडलंय काय?'
मी 'होय' म्हटलं.
म्हणजे आता दोन झाले.

सोमवारी रजा टाकून शिरोलीला गेलो.
निपाणी गेली, कोगनोळीचा नाका गेला,
पाट्यांवरची अक्षरं बदलली,
पोटातला दगड तोच.
गोदामातला पोरगा हसला:
'हातोडी घेऊन आलाय होय, काका?'
अकरा नग शिल्लक होते.
अकराही ठोकले.
अकराही खणखणीत बोलले.
इतका वाईट आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

तीन विकले गेलेले. पावतीवर नावं नाहीत.
कुठल्या तरी विहिरीवर, कुठल्या तरी मळ्यात
माझा ठिपका पाणी ओढत असणार.
बिलामागं माझा नंबर लिहून दिला.
पोरग्यानं तो खिळ्याला टोचला,
बाकीच्या शंभर कागदांवर.

पोतदारशेठनी माझे दोन दिवस कापले. ते ठीक.
पण पुट्टीचा डबा मलप्पाच्या खणात सापडला.
मी त्याचं नाव घेतलं नव्हतं, देवाशपथ,
तरी त्याचा ओव्हरटाइम बंद झाला,
आणि त्याची थोरली कॉलेजला जाणारी.
खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात.
मला मोकळं वाटलं असतं,
मलप्पा माझ्या समोरच्या नळावर
पाठ फिरवून हात धूत नसता तर.

दहा दिवस तो बोलला नाही.
अकराव्या दिवशी एक नग दाणकन टेबलावर टाकला,
भोकावर खडूनं गोल केलेला.
'बघ. आहे.'
एवढंच. जेवायला मात्र दूरच बसला.
डब्यात शेंगाचटणी होती, मी अर्धी वेगळी काढली होती.
ती परत घरी आणली.

काही चांगलं केलं, असं कुणाला सांगत नाही.
रात्री सुवार्ता ड्यूटीवर गेली की
गुडघे टेकतो, फोन शेजारी उताणा ठेवतो
आणि म्हणतो, प्रभू,
ज्याच्या कुणाच्या विहिरीवर असेल
तिथं ती पुट्टी तेवढी धरून ठेव.

म्हणता म्हणता ओशाळतो.
हे काय मागतोय मी?
नडितद बिडु.
फक्त आता ते देवाला सांगतोय.

फोन अजून आलेला नाही.