पोचल्याचं कळवणं

तोर्शहाव्हनच्या बंदरातला सर्व्हर
दर चौथ्या रात्री गुदमरतो.
योग्वान म्हणतो, "रीस्टार्ट कर आणि झोप."
दोन वर्षं हेच औषध.

रानवा आज झोपत नाही.
आलेखावर मेमरी चढते, थोडी उतरते,
पण निघाली तिथवर कधीच येत नाही;
दर ओहोटीला वीतभर पाणी वरच राहतं.

ती दोन हीप डम्प घेते,
एक संध्याकाळी सहाचा, एक पहाटे तीनचा,
आणि एकातून दुसरा वजा करते.
उरतात एकाच जातीचे ऑब्जेक्ट,
नऊ हजार चारशे अकरा.
बोटी.
बंदरात तर बोटी अठ्ठावन्न.

झाडणारा वेळच्या वेळी येऊन जातो, प्रामाणिक बिचारा.
पण ज्याचा हात कुणी धरलाय
त्याला तो कचरा म्हणत नाही.

धरलाय कुणी?
दोरामागून दोरा, गाठीमागून गाठ,
आणि तळाशी एक यादी,
वादळाचा इशारा देण्यासाठी केलेली.
बोट निघाली की नाव चढतं.
परतली की उतरवायचं
राहूनच गेलं.
खाली सही रानवाचीच,
ती रुजू झाली त्या आठवड्यातली.

म्हणजे प्रत्येक फेरी अजून समुद्रातच.
स्कॉटलंडला विकलेल्या बोटीचीही,
भंगारात फुटलेल्या 'सुलन'चीही;
यंत्र जागत बसलंय.

एक ओळ पुरते.
कॉफीवर साय धरलीय.

सकाळी योग्वान विचारतो, "काय होतं?"
"काही नाही रे,
पोचल्याचं कुणी कळवलंच नव्हतं."